चार टेकड्यांची स्की-उडी स्पर्धा

जर्मनी आणि ऑस्ट्रिया या शेजारी देशांतील चार गावांत दरवर्षी नाताळानंतर भरणारी स्की-उडीची, म्हणजे स्की घालून बर्फाच्या उतारावरून घसरत येऊन लांब झेप घेण्याच्या खेळाची, आंतरराष्ट्रीय स्पर्धा. जर्मन भाषेत तिला ‘फिअरशान्त्सनटूर्ने’ म्हणतात, इंग्रजीतून ती ‘फोर हिल्स टूर्नामेंट’ म्हणून परिचित आहे. मराठीत ‘टेकडी’ हा शब्द रुळला असला तरी तो थोडा फसवा आहे. मूळ जर्मन शब्द ‘शान्त्स’ हा डोंगराचा नव्हे, तर उडीसाठी उभारलेल्या उताराचा वाचक आहे. या उताराचा वरचा भाग पुष्कळदा काँक्रीट-पोलादाचा असतो, खालचा तेवढा डोंगराच्या अंगाने जातो.

पहिली स्पर्धा जानेवारी १९५३ मध्ये झाली आणि ती ऑस्ट्रियाच्या सेप ब्राडलने जिंकली. १९३६ साली आजच्या स्लोव्हेनियातील प्लानित्सा येथे १०१.५ मीटर झेप घेऊन शंभर मीटरची वेस ओलांडणारा पहिला माणूस तो हाच. पहिल्या वर्षी सुरुवात गार्मिश-पार्टेनकिर्खेनला झाली होती. पुढे क्रम ठरून गेला : ओबर्स्टडॉर्फ (डिसेंबरअखेर), गार्मिश-पार्टेनकिर्खेन (१ जानेवारी), इन्सब्रुक (३ किंवा ४ जानेवारी) आणि बिशोफ्सहोफेन (६ जानेवारी). शेवटचा दिवस ख्रिस्ती पंचांगातील तीन राजांच्या सणाचा, म्हणजे गोव्यात रेइश मागुश आणि चांदर येथे ज्या दिवशी फेस्त असते तोच.

चारही उतारांचा स्वभाव वेगळा आहे आणि स्पर्धेची खरी मेख तिथेच आहे. ओबर्स्टडॉर्फचा आकारांक (उडीच्या कडेपासून सुरक्षितपणे उतरण्याच्या मर्यादेपर्यंतचे अंतर) १३७ मीटर, गार्मिश व बिशोफ्सहोफेनचा प्रत्येकी १४२, तर इन्सब्रुकच्या बर्गइझेलचा १२८. सगळ्यांत लहान असूनही बर्गइझेलच सर्वांत बदनाम. शहराच्या डोक्यावर असलेल्या या उतारावर वारा क्षणात दिशा बदलतो. २००८ आणि २०२२ मध्ये त्याने इथली फेरी होऊच दिली नाही आणि ती बिशोफ्सहोफेनला हलवावी लागली. इथला मनोरा वास्तुविशारद झाहा हदीद यांनी रचलेला आहे. त्यावर उभ्या असलेल्या खेळाडूला समोर खाली दफनभूमी दिसते, याची आठवण समालोचक दरवर्षी न चुकता करून देतात. बिशोफ्सहोफेनला मनोराच नाही. तिथली धाव (उडीआधी घसरत येण्याचा मार्ग) डोंगराच्या नैसर्गिक उतारावरच आडवी पसरलेली, लांब आणि कमी चढाची आहे. त्यामुळे मनोऱ्यावरून उडायची सवय असलेल्याला उडीची अचूक वेळ तिथे पुन्हा नव्याने साधावी लागते. या उताराला स्की-उडीपटू पाउल आउसरलाइटनर याचे नाव आहे. १९५२ मध्ये इथेच पडून झालेल्या जखमांनी त्याचा मृत्यू झाला.

प्रत्येक ठिकाणी दोन उड्या, म्हणजे एकूण आठ. ‘के-बिंदू’, म्हणजे उतारावर आखलेले ठराविक अंतर, गाठला की ६० गुण, त्यापुढे किंवा मागे प्रत्येक मीटरला १.८ गुणांची वाढ किंवा घट. पाच पंच प्रत्येकी २० पैकी शैलीगुण देतात, त्यांतले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळले जातात. शिवाय वाऱ्याची अनुकूलता आणि धाव सुरू करण्याची उंची यांचा हिशोब होतो. या फेऱ्या विश्वचषकातही धरल्या जातात, मात्र इथला विजेता प्रत्येक फेरीतल्या क्रमांकांवरून नव्हे, तर आठ उड्यांच्या गुणांच्या बेरजेवरून ठरतो. एक उडी फसली की बाकी सात कितीही देखण्या असोत, जेतेपद बहुधा हातचे जाते.

१९९६-९७ पासून प्रत्येक ठिकाणची पहिली उडी जोडीजोडीने होते. पात्रता फेरीतला पहिला पन्नासाव्याशी, दुसरा एकोणपन्नासाव्याशी, अशा पंचवीस लढती. जिंकणारे पंचवीस आणि हरलेल्यांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच, असे तीस जण दुसऱ्या उडीसाठी पुढे जातात. ही पद्धत प्रेक्षकांना रंजक वाटते, पण प्रतिस्पर्धी कसा वाट्याला येतो यावर कधी कधी फार काही अवलंबून राहते.

सर्वाधिक पाच जेतेपदे फिनलंडच्या यान्ने आहोनेनची. त्यांतले २००५-०६ चे जेतेपद त्याला चेक प्रजासत्ताकाच्या याकुब यांडासोबत वाटून घ्यावे लागले, कारण आठ उड्यांनंतर दोघांचे गुण तंतोतंत सारखे होते. जर्मनीच्या येन्स वाइसफ्लोगने चार वेळा बाजी मारली. चारही फेऱ्या एकाच हंगामात जिंकण्याचा पराक्रम प्रथम जर्मनीच्या स्वेन हानावाल्डने २००१-०२ मध्ये केला, मग पोलंडच्या कामिल स्टोखने २०१७-१८ मध्ये आणि पाठोपाठ जपानच्या र्योयू कोबायाशीने २०१८-१९ मध्ये. युकिओ कासायाने १९७१-७२ मध्ये पहिल्या तिन्ही फेऱ्या जिंकल्या होत्या, परंतु साप्पोरो ऑलिंपिकच्या तयारीसाठी तो चौथी फेरी सोडून जपानला परतला आणि तिथे सुवर्ण मिळवले. उलट टोकाचे उदाहरण पुन्हा कोबायाशीचेच. २०२३-२४ मध्ये तो चारही ठिकाणी दुसरा आला, एकही फेरी जिंकला नाही, तरी एकूण बेरजेत पहिला ठरला. विजेत्याला मिळणारा सोनेरी गरुड त्याच्याच हाती आला. पुढच्या वर्षी ऑस्ट्रियाच्या डॅनिएल चोफेनिगने देशबांधव यान हर्लला अवघ्या १.४ गुणांनी मागे टाकले.

महिलांसाठी मात्र अशी चार फेऱ्यांची स्पर्धा अजून उभी राहिलेली नाही. २०२३-२४ पासून गार्मिश आणि ओबर्स्टडॉर्फ येथे दोन फेऱ्यांची ‘टू नाइट्स टूर’ होते.