ब्रिटनमध्ये कंपनी स्थापन करताना नोंदणीकृत पत्ता : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ब्रिटनमध्ये प्रायव्हेट लिमिटेड कंपनी स्थापन करण्यासाठी संचालक तेथील रहिवासी असावा लागत नाही. पुण्यात किंवा कोल्हापुरात राहणारी एकच व्यक्ती संचालकही होऊ शकते आणि सर्व समभागांची मालकही. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय मात्र ब्रिटनमध्येच असावे लागते, आणि कंपनी अस्तित्वात असेपर्यंत एकही दिवस ते नसून चालत नाही. तेथील २००६ च्या कंपनी कायद्याच्या कलम ८६ मध्ये ही अट आहे. कंपनीचे नाव, भागभांडवल आणि भागधारकांची टक्केवारी यांवर आमचे ग्राहक पुष्कळ विचार करून येतात. पत्त्याचा रकाना मात्र अर्ज भरण्याच्या दिवशी, जो पत्ता स्वस्तात मिळेल तो घालून, भरला जातो. पुढे उद्भवणाऱ्या अनेक अडचणींचे मूळ त्या घाईत असते, म्हणून या एकाच विषयावर हे माहितीपत्रक आम्ही काढले आहे.

भारतातील पद्धत ज्यांना परिचित आहे त्यांचा येथे गैरसमज होण्याची शक्यता अधिक असते. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार कंपनी स्थापन झाल्यापासून ३० दिवसांत नोंदणीकृत कार्यालय असावे लागते आणि त्यासाठी वीजबिल, भाडेकरार, जागामालकाचे संमतीपत्र असे पुरावे जोडावे लागतात. ब्रिटनमध्ये पत्ता स्थापनेच्या अर्जातच द्यावा लागतो, नंतर देण्याची सोय नाही. परंतु त्यासोबत जागेचा कोणताही पुरावा सहसा मागितला जात नाही. पुरावा मागत नाहीत म्हणजे पत्त्याला फारसे महत्त्व नाही, असा अर्थ कृपया काढू नये. तेथील व्यवस्था दारात कमी विचारते, पण पत्ता खोटा किंवा निरुपयोगी ठरला तर कंपनीच्या अस्तित्वावरच कारवाई करते.

परक्या माणसांच्या घराचे पत्ते त्यांच्या नकळत वापरून कंपन्या नोंदवण्याचे प्रकार वाढल्यामुळे ब्रिटनच्या संसदेने २०२३ मध्ये आर्थिक गुन्हे आणि कंपन्यांची पारदर्शकता यांविषयी कायदा केला, आणि त्यातील पत्त्यासंबंधीच्या तरतुदी ४ मार्च २०२४ पासून लागू झाल्या. तेव्हापासून नोंदणीकृत पत्ता कायद्याच्या दृष्टीने ‘योग्य’ असावा लागतो, आणि त्याच्या कसोट्या दोन आहेत. कंपनीच्या नावे टपालाने किंवा हस्ते पाठवलेला कागद तेथे पोचल्यावर तो कंपनीच्या वतीने काम पाहणाऱ्या व्यक्तीच्या नजरेस येईल अशी सर्वसाधारण परिस्थितीत अपेक्षा करता आली पाहिजे. आणि कागद मिळाल्याची पोच तेथे घेता आली पाहिजे. यामुळेच केवळ पोस्ट बॉक्स क्रमांक आता नोंदणीकृत पत्ता म्हणून चालत नाही. योग्य पत्ता न ठेवणे हा कंपनीचा आणि जबाबदार पदाधिकाऱ्यांचाही दंडनीय गुन्हा आहे. त्याच तारखेपासून कंपनीला एक नोंदणीकृत ईमेल पत्ताही द्यावा लागतो. तो जनतेस दिसत नाही, पण कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या निबंधकाच्या सूचना त्यावर येतात. सोडून जाणाऱ्या कर्मचाऱ्याचा किंवा सल्लागाराचा ईमेल तेथे देऊ नये. संचालक स्वतः रोज उघडतो तोच द्यावा.

पत्त्याला एवढे महत्त्व का, हे न्यायालयीन कागदांच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट होते. नोंदणीकृत कार्यालयात टपालाने पाठवलेला किंवा नेऊन ठेवलेला कागद कंपनीवर बजावला गेला असे कायदा मानतो. तो आपण प्रत्यक्ष वाचला की नाही हा प्रश्न त्यानंतर येतो. इंग्लंड आणि वेल्समधील दिवाणी दाव्यात दाव्याचा तपशील बजावला गेल्यापासून साधारणपणे १४ दिवसांत प्रतिवादीने उत्तर किंवा किमान दावा मिळाल्याचे दखलपत्र दाखल करायचे असते, आणि ते न झाल्यास वादीला एकतर्फी निकाल मागता येतो. लंडनमधील एखाद्या खोक्यात पडलेला लिफाफा महिन्यातून एकदा उघडला जात असेल, तर मूळ मागणी कितीही चुकीची असली तरी कंपनी ती लढवण्याची पहिली संधी गमावून बसते. निकाल रद्द करून घेण्याचा अर्ज करता येतो, पण त्याला वकील लागतो, पैसे लागतात आणि यशाची हमी नसते. करखात्याची पत्रेही याच पत्त्यावर येतात. कंपनी स्थापन झाल्यानंतर काही दिवसांतच करदाता क्रमांकाचे पत्र तेथे टपालाने येते, आणि ते हरवले तर कॉर्पोरेशन टॅक्सच्या नोंदणीपासून सगळे काम खोळंबते.

दुसरी अडचण वार्षिक नूतनीकरणाची आहे, आणि ग्राहकांनी तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे अशी आमची आग्रहाची विनंती आहे. पत्त्याची सेवा देणाऱ्या संस्था बहुधा वर्षाच्या कराराने पत्ता देतात. शुल्क भरायचे राहून गेले, की आपला पत्ता आता विनापरवाना वापरला जात आहे असा अर्ज ती संस्था निबंधकाकडे, म्हणजे कंपनीज हाउसकडे, करू शकते. तो मान्य झाला तर निबंधक कंपनीचा पत्ता बदलून आपल्याच कार्यालयातील तात्पुरता पर्यायी पत्ता नोंदवतो. त्यानंतर २८ दिवसांत कंपनीने पुराव्यासह योग्य पत्ता दिला नाही, तर कंपनीचे नाव नोंदवहीतून काढून टाकण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. कंपनी विसर्जित झाली की तिच्या नावावरची मालमत्ता, बँकेतील शिल्लक धरून, ब्रिटिश राजसत्तेकडे जाते. कंपनी पुन्हा नोंदवहीत आणता येते, परंतु ते वेळखाऊ आणि खर्चिक काम आहे. वर्षाचे नगण्य शुल्क चुकल्याने एवढी मोठी साखळी सुरू होते, हे लक्षात घेता नूतनीकरणाची तारीख संचालकाने स्वतःच्या दिनदर्शिकेत नोंदवावी.

पत्ता देणारी संस्था निवडताना स्वस्त दर हा आमच्या मते शेवटचा निकष असावा. दुसऱ्या कंपनीला नोंदणीकृत कार्यालय पुरवणे हा व्यवसाय ब्रिटनमध्ये मनी लाँडरिंगविरोधी २०१७ च्या नियमांखाली येतो. अशी संस्था करखात्याच्या किंवा एखाद्या मान्यताप्राप्त व्यावसायिक मंडळाच्या देखरेखीखाली असावी लागते, आणि करखात्याकडील नोंद सार्वजनिक यादीत तपासता येते. तुमचा पासपोर्ट आणि राहत्या घराचा पुरावा न मागता पत्ता देऊ करणारी संस्था नियम पाळत नाही, असेच समजावे. करारातील टपालाचे कलम नीट वाचावे. अनेक स्वस्त योजनांमध्ये केवळ कंपनीज हाउस आणि करखाते यांचीच पत्रे स्कॅन करून पाठवली जातात. न्यायालयाचे, बँकेचे किंवा देणेकऱ्याच्या वकिलाचे पत्र त्यात बसते की परत पाठवले जाते, हे लेखी विचारून घ्यावे.

लेस्टर, स्लाउ किंवा हॅरो येथे राहणाऱ्या नातेवाइकांच्या घराचा पत्ता देण्याची कल्पना अनेकांना सुचते. कायद्याची त्याला हरकत नाही, आणि टपाल जबाबदारीने कळवणारे माणूस असेल तर ही सोय एखाद्या निष्काळजी संस्थेपेक्षा चांगली ठरते. मात्र नोंदणीकृत पत्ता कोणालाही इंटरनेटवर विनामूल्य दिसतो, त्यामुळे देणेकरी, वसुली अधिकारी आणि जाहिरातदार सर्वच त्या दारात येऊ शकतात. घर भाड्याचे असेल तर घरमालकाची, आणि कर्जावरचे असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेची अट तपासावी लागते. जानेवारी २०२५ पासून पूर्वी वापरलेला घरचा पत्ता जाहीर नोंदीतून झाकण्यासाठी अर्ज करता येतो, पण तोपर्यंत तो जेथे पोचायचा तेथे पोचलेला असतो. संचालकाने स्वतःचा पत्रव्यवहाराचा पत्ताही भारतातील घराचा देऊ नये. नोंदणीकृत कार्यालयाचाच पत्ता त्यासाठी वापरता येतो आणि घराचा पत्ता जाहीर होत नाही.

कोणत्या प्रदेशात नोंदणी करायची हेही पहिल्याच वेळी ठरते. इंग्लंड आणि वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येथील नोंदणी वेगवेगळी असते. लंडनच्या पत्त्यावर नोंदलेली कंपनी पुढे मँचेस्टरला किंवा कार्डिफला हलवता येते, ग्लासगोला नाही. नोंदणीकृत कार्यालयाच्या ठिकाणी कंपनीचे नाव दिसेल असे लावावे लागते. एकाच जागी सहा किंवा अधिक कंपन्या असतील तर दर तीन मिनिटांत किमान १५ सेकंद नाव पडद्यावर दिसले तरी चालते. व्यवसायाची पत्रे, मागणीपत्रे आणि संकेतस्थळ यांवर नोंदणी क्रमांक, नोंदणीचा प्रदेश आणि हा पत्ता छापणे सक्तीचे आहे.

हा पत्ता काय करत नाही, हेही सांगणे आवश्यक आहे. बँक खाते उघडताना बँक बहुधा प्रत्यक्ष व्यवसाय कोठून चालतो ते विचारते आणि भाड्याच्या पत्त्यावर समाधान मानत नाही. ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष कामकाज नसताना केवळ नोंदणीकृत पत्ता आहे म्हणून व्हॅटसाठी कंपनी तेथे प्रस्थापित मानली जात नाही. अशा कंपनीला तेथील ९०,००० पौंडांच्या उलाढालीपर्यंत व्हॅट नोंदणीतून सूट देणाऱ्या मर्यादेचा लाभ मिळत नाही आणि ब्रिटनमधील पहिल्याच करपात्र विक्रीपासून व्हॅट नोंदणी लागू शकते. भारतातील करदायित्वही पत्त्याने टळत नाही. कंपनीचे महत्त्वाचे निर्णय प्रत्यक्षात भारतात घेतले जात असतील, तर परदेशी कंपनीही भारताची करनिवासी ठरू शकते. वर्षाला ५० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ च्या परिपत्रकाने यातून सवलत दिली. समभागांची रक्कम पाठवण्यापूर्वी परदेशी गुंतवणुकीचे २०२२ चे नियम आणि निवासी व्यक्तीसाठीची आर्थिक वर्षाला २,५०,००० अमेरिकी डॉलरची मर्यादा यांबाबत आपल्या बँकेशी बोलून घ्यावे.

पत्ता बदलायचा झाल्यास बदल ऑनलाइन कळवता येतो, पण निबंधकाने नोंद केल्यावरच तो लागू होतो आणि त्यानंतरही १४ दिवस जुन्या पत्त्यावर बजावलेले कागद वैध राहतात. म्हणून जुना करार नवी नोंद झाल्यानंतर किमान तेवढे दिवस चालू ठेवावा. आमचे कार्यालय स्वतः पत्ता पुरवत नाही. आपण निवडलेल्या संस्थेचा करार स्वाक्षरीपूर्वी आमच्याकडे पाठवल्यास त्यातील टपालाची आणि नूतनीकरणाची कलमे आम्ही तपासून देतो, आणि ती तपासणी झाल्याशिवाय स्थापनेचा अर्ज दाखल करत नाही.