‘युद्धच नको’ आणि ‘हे युद्ध नको’

मुंबईत कुलाब्याला १९४६ च्या नाविकांच्या उठावाचं स्मारक आहे. परवा तिथं एक गृहस्थ मुलाला समजावत होते, “हे अहिंसावाले सैनिक. लढायलाच नको म्हणाले.” मी गप्प बसलो, पण घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं.

लढायला नकार देणाऱ्या सैनिकासाठी आपल्याकडे दोनच शिक्के तयार असतात, पळपुटा नाहीतर शांततावादी. पळपुट्याचं सोडा. तो गुपचूप सटकतो. नकार देणारा साहेबासमोर उभा राहून ‘जाणार नाही’ म्हणतो आणि शिक्षा भोगतो. शांततावादीही आपल्याला ठाऊक आहे. युद्ध कुणाचंही असो, हा शस्त्र धरणार नाही. (खुद्द गांधीजी १९१८ साली खेडा जिल्ह्यात इंग्रज फौजेसाठी भरती करत फिरले होते, पण तो वेगळा विषय.)

‘हे युद्ध अन्यायाचं आहे, यात मी नाही’ म्हणणारा मात्र शांततावादी नसतोच, आणि गाडी अडते ती इथं. अमेरिकी लष्करातला लेफ्टनंट एरन वाताडा घ्या. २००६ साली त्यानं इराकला जायला नकार दिला. कारण दिलं की ते युद्धच बेकायदा आहे. त्याच दमात तो म्हणाला, मला अफगाणिस्तानला पाठवा. लष्करानं ते मानलं नाही, कोर्ट मार्शल झालं. बंदुकीला त्याची ना नव्हतीच.

गंमत म्हणजे कायदा शांततावाद्याला सोडतो आणि याला धरतो. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक असा निकाल दिला: लष्करी सेवेतून सूट हवी तर विरोध सगळ्याच युद्धांना हवा, एकट्या व्हिएतनामला असून चालणार नाही. त्यातला एक अर्जदार कॅथलिक सैनिक होता. न्याय्य युद्ध लढावं, अन्याय्य लढू नये, ही त्याच्या धर्माचीच शिकवण. म्हणजे विचार करून निवड केली हाच गुन्हा! माझ्या मते कारण सरळ आहे. शांततावादी स्वतःपुरतं बोलतो. हा दुसरा सरकारचा हिशेब तपासायला बसतो, आणि ते कुठल्याच सरकारला परवडत नाही. जर्मनीत २००५ साली मेजर फ्लोरियान फाफ यांच्या बाजूनं निकाल लागला, त्यांचाही नकार इराक युद्धाशी संबंधित कामालाच होता. पण असे निकाल विरळा.

आणि कृपा करून दर वेळी अर्जुनाला मध्ये आणू नका. विराटाच्या गाईंसाठी त्यानं याच भीष्म-द्रोणांवर बाण सोडले होते. कुरुक्षेत्रावर त्याला अडवलं ते आप्तांच्या मायेनं. उदाहरण हवंच तर बलराम घ्या. त्यानं युद्धाकडे पाठ फिरवून तीर्थयात्रा धरली, आणि परतल्यावर भीमानं गदायुद्धाचा नियम मोडलेला पाहताच नांगर उगारून त्याच्यावर धावला. हा काय शांततावादी?

आता ते कुलाब्याचे नाविक. १८ फेब्रुवारी १९४६ ला ‘तलवार’ या नौदलाच्या प्रशिक्षण तळावर संप सुरू झाला तो निकृष्ट जेवणावरून, आणि बहुतेकांना तेवढंच आठवतं. पण मागण्यांमध्ये एक अशीही होती: इंडोनेशियातून भारतीय फौजा परत आणा. तिथल्या लोकांचं स्वातंत्र्य चिरडायला आमची माणसं वापरू नका. त्यांचा विरोध त्या लढाईला होता. बंदुकीला नव्हता, कारण तीनच दिवसांनी मुंबईतल्याच नौदलाच्या कॅसल बराकीतून याच नाविकांनी इंग्रजांच्या गोळीबाराला गोळीबारानंच उत्तर दिलं.