हाफ-ऑर्क विझार्डचं गणित: पार्श्वभूमी

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या, काल्पनिक पात्रांच्या खेळात पात्र गोष्टीसाठी घ्यायचं की आकड्यांसाठी, या भांडणाचं खापर सहसा खेळणाऱ्यांच्या स्वभावावर फुटतं. नियम नामानिराळे राहतात.

1974 च्या मूळ खेळात प्रत्येक गुणासाठी (ताकद, बुद्धी वगैरे) तीन फासे टाकायचे आणि पडेल ते घेऊन खेळायचं. 1978 च्या नियमांत हाफ-ऑर्कला, म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धा ऑर्क असलेल्या रांगड्या वंशाला, जादूगार (विझार्ड) होताच येत नव्हतं. 2000 मध्ये बंदी उठली, पण बुद्धीत उणे 2 बसले. शिवाय फीट्सचा, म्हणजे निवडून घ्यायच्या खास कौशल्यांचा, एवढा ढीग आला की पहिला फासा पडायच्या आत विसाव्या लेव्हलपर्यंतचा बिल्ड, म्हणजे पात्राचा आराखडा, तयार असे.

2008 मध्ये उणे गेले, अधिक राहिले. 2014 च्या नियमांत हाफ-ऑर्कला ताकदीत 2, नोम या बुटक्या वंशाला बुद्धीत 2. पॉइंट बायमध्ये, म्हणजे ठरलेले पॉइंट वाटून गुण घेताना, वंशाचे अधिक धरण्याआधी 15 च्या वर जाता येत नव्हतं. म्हणून हाफ-ऑर्क विझार्डची बुद्धी 15, मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) +2. नोमची 17, मॉडिफायर +3. वीस बाजूंच्या फाशावर हा फरक पाच टक्क्यांचा. किरकोळ वाटतो, पण मंत्रामंत्राला नडतो. चौथ्या लेव्हलला बुद्धी दोनने वाढवली की हाफ-ऑर्क पोचतो कुठे, तर नोमने सुरुवात केली तिथे.

खरी ठिणगी पडली 2020 च्या पूरक पुस्तकाने: वंशाचे अधिक गुण हवे तिथे लावा. ‘मग ड्वार्फ आणि एल्फमध्ये फरक काय उरला?’ असा ओरडा झाला. फरक दोन गुणांपुरताच असेल तर तो आधीही फारसा नव्हता, हे मात्र कुणी बोलेना. बुद्धी जन्मावर ठरू नये, हा दुसऱ्या बाजूचा मुद्दा जास्त वजनदार होता. गंमत अशी की सगळ्यात खूश झाले ते मिनमॅक्सर, म्हणजे आकडे पिळून पात्र बनवणारे. डोंगरी ड्वार्फला दोन गुणांत प्रत्येकी 2 मिळत आणि मध्यम चिलखतही चाले. एका रात्रीत तो विझार्डसाठी पहिली पसंती झाला.

2024 मध्ये हे गुण वंशाकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याला जोडले. हाफ-ऑर्क मुख्य पुस्तकातून गेला, ऑर्क आला. पण पूर्वी शेतकरी असलेल्या पात्राला ताकद, काटकपणा आणि शहाणपण यांतच वाढ. बुद्धी हवी तर आधी विद्वान, लेखनिक किंवा तसंच काही असायला हवं. म्हणजे शेतातून आलेला विझार्ड आता मागे. स्वतःचं पूर्वायुष्य रचायची सोय आहे, पण ती डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) पुस्तकात, डीएमच्या मर्जीवर.