कमळ, कमल आणि बीआरसीए१

‘हल्ली रक्ताचा नमुना कुरिअरने जातो, अहवाल मोबाइलवर येतो. मग माणूस कुठे राहतो याने काय फरक पडतो?’ कॅन्सरच्या जनुकीय चाचणीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. फरक पडतो, आणि तो अहवालातल्या एका शब्दापर्यंत येऊन भिडतो.

बीआरसीए१ हे जनुक १७व्या गुणसूत्रावर असल्याचं अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवलं. १९९४ मध्ये ते प्रत्यक्ष हाती लागलं. तुटलेला डीएनए बिनचूक सांधायला मदत करणारं प्रथिन त्यावरून तयार होतं. हे जनुक बिघडलेलं असलं तर स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते. बिघाड प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी. आईकडून जितकी, तितकीच वडिलांकडून. (घराण्याला लागलेल्या शापावर चटकन विश्वास बसतो, वडिलांच्या जनुकांवर बसत नाही!)

पण बिघाड ओळखायचा कसा? पेशी जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचते. समजा, मजकूर आहे ‘मदन कमळ बघत’. पहिली दोन अक्षरं गळाली की उरतं ‘नकम ळबघ त’. सगळाच बोऱ्या! बीआरसीए१ मधला ‘१८५डेलएजी’ हा बदल असाच, दोन अक्षरं गळाल्याने होतो. त्याबद्दल वाद नाही. आता एकच अक्षर बदलू. ‘मदन कमर बघत’: अर्थ गेला. ‘मदन कमल बघत’: काहीच बिघडलं नाही. हे आपल्याला कळतं, कारण ‘कमल’ आपण ऐकलेलं असतं. पण शब्दकोश करणाऱ्याने एकाच मुलखात विचारपूस केली आणि तिथे ‘कमल’ कोणी म्हणतच नसेल तर?

नेमकं हेच होतं. एखादा बदल निरोगी माणसांतही बऱ्यापैकी आढळला, तर तो निरुपद्रवी ठरतो. मात्र जनुकीय माहितीच्या साठ्यांमध्ये युरोपीय वंशाच्या लोकांचाच भरणा जास्त आहे. इतरांचा साधासुधा ‘कमल’ तिथे दुर्मीळ दिसतो आणि अहवालात शेरा पडतो: व्हीयूएस, म्हणजे अर्थ अनिश्चित असलेला बदल. गुंता सोडवायला वंशावळ काढून, आजारी आणि निरोगी नातेवाइकांची चाचणी करून बदल आजाराबरोबर चालतो का, हे पाहतात. त्यासाठी जनुकीय समुपदेशक लागतो. तो कुरिअरने येत नाही.

दुसरा एक मार्ग मला भलताच आवडतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या काही पेशी बीआरसीए१ शिवाय जगूच शकत नाहीत, आणि त्यांत प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते, म्हणजे बिघाड झाकायला दुसरी प्रत नाही. २०१८ मध्ये सिएटलच्या संशोधकांनी या जनुकातले जवळपास ४००० एकाक्षरी बदल अशा पेशींमध्ये घडवले आणि ११ दिवसांनी कोण उरलं ते मोजलं. पेशी मेल्या तर बदल घातक. इथे वंशाचा, मुलखाचा संबंधच नाही!

त्याच वर्षी अमेरिकेत थुंकी पाठवून करायच्या एका घरगुती चाचणीला मंजुरी मिळाली. ती बीआरसीए१ आणि तसंच दुसरं जनुक बीआरसीए२ यांतले मिळून तीनच बदल तपासत होती, तेही प्रामुख्याने अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपीय मुळांच्या ज्यू लोकांत आढळणारे. हजाराहून अधिक बदल तेव्हा ठाऊक होते. इतरांच्या ‘निगेटिव्ह’ला काय किंमत?

व्हीयूएस पुढे बहुतेकदा निरुपद्रवीच ठरतात. म्हणूनच केवळ त्यावरून शस्त्रक्रिया करू नये, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. सुधारित अहवाल जातो चाचणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे. ते दूरच्या शहरात एकदाच भेटलेले असतील, तर तो तिथल्या फायलीत पडून राहतो आणि घरात जुनाच कागद जपून ठेवलेला असतो.