कर्करोगपूर्व मुखविकार आणि हिरड्यांचे आरोग्य

तोंडातील पांढरा किंवा लाल चट्टा, लायकेन प्लेनस (गालाच्या आत पांढरी जाळी उमटणारा दाह), सुपारीमुळे तोंड आखडणे (ओरल सबम्युकस फायब्रोसिस) अशा विकारांचे पुढे कर्करोगात रूपांतर होण्याचा धोका असतो. अशा रुग्णांच्या हिरड्यांकडे फार कमी लक्ष दिले जाते.

महाराष्ट्रात खर्रा, मावा आणि गुटखा खाणाऱ्यांमध्ये तोंड आखडण्याचा विकार नेहमी आढळतो. तंबाखू नसलेली सुपारीही निरुपद्रवी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तिची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली. सुपारीतील अरेकोलीनमुळे गालाच्या अस्तराखाली कोलॅजन हे तंतुमय प्रथिन साचते आणि कडक, पांढरट पट्टे तयार होतात. निरोगी तोंडात साधारणपणे स्वतःची तीन बोटे उभी मावतात. या रुग्णांच्या तोंडात दोन, पुढे एकच. गाल ताणला जात नाही, म्हणून ब्रश शेवटच्या दाढेपर्यंत पोहोचत नाही. त्यातच पेस्ट झोंबते, त्यामुळे घासणेही उरकले जाते. दाढांच्या मुळाशी कीटण साचून हिरड्या सुजतात आणि दंतवैद्याची अवजारेही तिथे नीट चालत नाहीत.

तंबाखूची गोष्ट आणखी फसवी. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि आजारी हिरडीतूनही रक्त कमी येते. तंबाखू किंवा मिश्री सोडल्यावर काहींच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागते आणि ‘मिश्री होती तेव्हाच दात बरे होते’ असे म्हणून माणूस पुन्हा डबी उघडतो. हे रक्त व्यसन सोडल्याने झालेल्या इजेचे नसते; आधीपासूनचा आजार तेवढा उघडा पडतो. ही गोष्ट रुग्णाला व्यसन सोडतानाच सांगायला हवी.

हिरड्यांच्या आजारामुळे चट्ट्याचा कर्करोग होतो, असे सिद्ध झालेले नाही. स्केलिंगने, म्हणजे दातांवरचे कीटण खरवडून काढल्याने, आखडलेले तोंड उघडत नाही. पण सूज उतरल्यावर चट्टा नीट दिसतो व तपासता येतो, हा त्याचा मोठा फायदा. लहान मुलांचा मऊ ब्रश, न झोंबणारी फ्लोराइड पेस्ट आणि अल्कोहोलविरहित गुळणी सोयीची पडते.

हिरडीवरचा कर्करोग कधी कधी पायोरियासारखाच (हिरड्यांच्या जुनाट आजारासारखाच) दिसतो. इतर दात घट्ट असताना एकच दात हलू लागला, किंवा हिरडीवरचा व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर दात काढण्यापूर्वी बायॉप्सीचा (छोटा तुकडा काढून तपासण्याचा) विचार व्हायला हवा.