हर्ष ‘शेवटचा हिंदू सम्राट’ नव्हता
सातव्या शतकात उत्तर भारतात राज्य करणारा ‘हर्षवर्धन हा भारताचा शेवटचा हिंदू सम्राट’ हे वाक्य अजूनही फिरतं. ते चूक आहे. पुढे प्रतिहार, राष्ट्रकूट आणि चोळ झालेच की! आणि ‘सकलोत्तरापथेश्वर’, म्हणजे सगळ्या उत्तर भारताचा स्वामी, ही पदवी? ती त्याला देतात चालुक्यांचे, म्हणजे त्याला हरवणाऱ्या दख्खनच्या राजघराण्याचे लेख. हरवलेला शत्रू जितका मोठा, तितका आपला विजय मोठा. ऐहोळेच्या लेखात (इ.स. ६३४) कवी रविकीर्ती कोटी करतो: चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने ‘भयविगलितहर्षो’ केला हर्ष, म्हणजे भीतीने हर्षाचा हर्ष गळाला. हर्षाचे स्वतःचे बांसखेडा आणि मधुबन ताम्रपट मात्र अहिच्छत्र व श्रावस्ती भुक्तींतले (प्रांतांतले), म्हणजे सगळ्या उत्तरापथातले नव्हे, आजच्या उत्तर प्रदेशातले. कामरूपचा (आजच्या आसामचा) राजा भास्करवर्मा त्याचा मित्र होता, मांडलिक नव्हे. ६४७च्या सुमारास हर्ष वारला, वारस नव्हता. मंत्र्याने गादी बळकावली आणि राज्य विस्कटलं.