सर्पगंधेतून रेसर्पीन कसे मिळाले

रेसर्पीन हे रक्तदाबावरील औषध ज्यातून मिळाले, ते सर्पगंधा हे कण्हेरीच्या कुळातील लहानसे झुडूप आहे. त्याची वाळवलेली मुळी सर्पदंशावर, तापावर आणि मनोविकारांवर देण्याची रीत भारतात जुनी असून बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ असेच म्हणत. वनस्पतिशास्त्रातील तिचे राउवोल्फिया हे नाव मात्र सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य लेओनहार्ड राउवोल्फ यांच्या स्मरणार्थ पुढे देण्यात आले.

आधुनिक संशोधनाच्या दृष्टीने १९३१ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर ही मुळी उपयोगी पडते असे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुळीतून अनेक अल्कलॉइड (वनस्पतींत आढळणारी, शरीरावर परिणाम करणारी नायट्रोजनयुक्त द्रव्ये) स्फटिकरूपात वेगळे केले. त्यांतील एकाला, कॉलेजाचे संस्थापक हकीम अजमल खान यांच्यावरून, अजमलीन हे नाव मिळाले. यानंतर कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळीचे अर्क व हे स्फटिक प्राण्यांवर तपासले, तेव्हा एक कोडे पुढे आले. संपूर्ण मुळीच्या अर्काने जी गुंगी येत असे, ती शुद्ध स्फटिकांनी येईना. १९४०च्या दशकात याच परंपरेतील संशोधकांनी हा गुण राळेसारख्या गडद, स्फटिक न होणाऱ्या भागात असल्याचे दाखवले. रसायनशास्त्रज्ञाला जे सहज शुद्ध करता येते तेच औषधी असेल असे नाही, ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे दाखवणारी उदाहरणे थोडी आहेत, आणि म्हणून हा टप्पा मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. (अजमलीनचे कामही वाया गेले नाही, हृदयाची अनियमित लय सुधारण्यासाठी आणि ब्रुगाडा सिंड्रोम या हृदयाच्या लयीच्या जन्मजात विकाराच्या निदानासाठी ते आजही वापरले जाते.)

भारताबाहेर मात्र या कामाची फारशी दखल घेतली गेली नव्हती. ती घेतली गेली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन आणि त्यांच्या रक्तदाबाच्या पद्धतशीर नोंदी ठेवून त्यांनी काढलेले निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आले. त्या काळी रक्तदाबावर परिणामकारक आणि रुग्णाला झेपेल असे औषध जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे बोस्टनचे डॉक्टर रॉबर्ट विल्किन्स यांनी लगेच आपल्याकडे चाचण्या सुरू केल्या. या कार्याबद्दल वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला.

राळेत दडलेले द्रव्य शेवटी स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सिबा कंपनीच्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांच्या हाती १९५२ मध्ये लागले. तेच रेसर्पीन. या गुंतागुंतीच्या रेणूचे कृत्रिम संश्लेषण अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये साधले. मनोरुग्णांवरील त्याच्या वापराची माहिती अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी १९५४ मध्ये मांडली, आणि मुळीचे बिहारी नाव अनुभवातून पडले होते हे पटले.

रेसर्पीनची क्रिया समजून घेताना मेंदूविषयीचे ज्ञानच पुढे सरकले. मज्जापेशींत नॉरअॅड्रेनॅलिन, डोपामिन, सिरोटोनिन ही द्रव्ये सूक्ष्म पिशव्यांमध्ये साठवलेली असतात. रेसर्पीन त्या पिशव्यांत द्रव्य भरणारी यंत्रणाच रोखते, साठा रिकामा होतो आणि रक्तदाब उतरतो. परिणाम सावकाश दिसतो आणि औषध थांबवल्यावरही बरेच दिवस टिकतो, तो यामुळेच. १९५७ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांनी रेसर्पीनने निश्चल झालेले ससे एल-डोपा (शरीरात ज्यापासून डोपामिन बनते ते द्रव्य) देताच पुन्हा हालचाल करू लागल्याचे दाखवले. पार्किन्सनच्या आजारावरील उपचारांचा पाया त्यातून घातला गेला आणि २००० साली कार्लसन नोबेलचे मानकरी ठरले.

रुग्णांमध्ये नैराश्य येण्याच्या तक्रारी आणि पुढे आलेली नवी औषधे यांमुळे रेसर्पीनचा वापर ओसरला. तोवर झुडपाची मोठी हानी झाली होती, कारण औषध मुळीत असल्याने झाड उपटल्याशिवाय ते मिळत नाही. आज सर्पगंधा आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे, आणि रेसर्पीन मुख्यत्वे तिच्या आफ्रिकी भावंडापासून, राउवोल्फिया व्होमिटोरियापासून, काढले जाते.